दहा सेशन, तीन मोजण्या आणि चार अज्ञात: ब्रेस्ट कॅन्सरमधल्या ताणाचं मॉडेल

१९९८ ते २००५ या काळात अमेरिकेतल्या मायामी विद्यापीठात मायकेल अँटोनी यांच्या गटाने ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन नुकतंच झालेल्या २४० स्त्रियांना एका चाचणीत घेतलं. ऑपरेशन होऊन २ ते १० आठवडे झालेले, आजार दूरच्या अवयवांत पसरलेला नाही. यादृच्छिक पद्धतीने १२० जणींना ताण हाताळायचं दहा आठवड्यांचं गट-प्रशिक्षण मिळालं आणि उरलेल्या १२० जणींना एका दिवसाचं माहितीसत्र. प्रशिक्षणात आठवड्याला एक सेशन. निम्मा भाग शरीर सैल सोडायचा: स्नायूंचा एकेक गट आवळून सोडणं, श्वास, कल्पनाचित्रं. निम्मा भाग डोक्यातल्या विचारांचा: 'आता सगळं संपलं' हा विचार पकडणं, तपासणं, बदलणं, मदत मागायला शिकणं, नाही म्हणायला शिकणं. प्रश्नावल्या सुरुवातीला, मग सहा महिन्यांनी आणि बारा महिन्यांनी भरून घेतल्या.

प्रशिक्षण घेतलेल्या गटाची मनःस्थिती सरासरीने जास्त सुधारली. सांख्यिकीचा नेहमीचा हिशेब इथे थांबतो: फरक पडला की नाही, एवढं तो सांगतो. तो कधी सर्वात जास्त होता, कुणाला पडला, कशामार्गे पडला आणि किती दिवस टिकेल, हे विचारायचं असेल तर काळानुसार बदलणाऱ्या राशींचं मॉडेल मांडावं लागतं. अशी मॉडेलं लिहिणारे बहुतेक जण पहिल्याच दमात ताण, कॉर्टिसॉल (ताणाशी जोडलेलं संप्रेरक), प्रतिकारपेशी आणि गाठ अशी चार मजली इमारत उभी करतात. माझं मत स्पष्ट आहे: पहिला मजला नीट बांधता येतो, दुसरा कष्टाने बांधता येतो, आणि गाठीचा मजला आज हातात असलेल्या डेटावर बांधूच नये. का, ते आकडे घालूनच पाहू.

दोन समीकरणं पुरतात

मॉडेलमध्ये 'प्रशिक्षण' ही शून्य किंवा एक अशी खूण म्हणून घालायचा मोह होतो. तसं केलं तर पहिल्या सेशनच्या दिवशीच पूर्ण परिणाम सुरू होतो आणि तो कायम राहतो. प्रत्यक्षात बाईला मिळतं ते कौशल्य. ते हळूहळू येतं, सराव सुटला की विसरतं. म्हणून पहिली राशी कौशल्य (कौ), शून्य ते एक या मापावर. दुसरी राशी ताण (ता): त्या बाईच्या स्वतःच्या एरवीच्या पातळीपेक्षा वरचा भाग. वेळ आठवड्यांत मोजू. अक्षरापुढची खूण म्हणजे दर आठवड्याचा बदल.

कौ′ = प × से × (१ − कौ) − वि × कौ

ता′ = −(नै + उ × कौ) × ता + घ

'से' म्हणजे त्या आठवड्यात सेशन आहे (१) किंवा नाही (०). 'प' शिकण्याचा वेग, 'वि' विसरण्याचा. 'नै' हा ताण आपसूक ओसरण्याचा वेग. ऑपरेशननंतर बहुसंख्य स्त्रियांचा ताण कुठल्याही प्रशिक्षणाविना कमी होत जातो, आणि हे पद गाळलं की तो सगळा उतार प्रशिक्षणाच्या खात्यावर जमा होतो. 'उ' म्हणजे कौशल्याची ताकद. 'घ' म्हणजे बाहेरून पडणारे घाव: केमोचं प्रत्येक सायकल, स्कॅनच्या रिपोर्टची वाट, नोकरीवर परत जाण्याचा दिवस.

दुसऱ्या समीकरणात कौशल्य आणि ताण यांचा गुणाकार आहे, हे लक्षात घ्या. ज्या बाईला मुळात ताण कमी आहे तिच्या बाबतीत कौशल्य कितीही असलं तरी कमी करायला फारसं काही नाही. त्यामुळे सरासरी फायदा हा चाचणीत कुणाला घेतलं यावर ठरतो. सरसकट सगळ्यांना घेतलं तर परिणाम पातळ दिसतो. फक्त जास्त ताण असलेल्यांना निवडलं तर परिणाम ठळक दिसतो, पण मग दुसरं दुखणं: टोकाचे आकडे निवडले की पुढच्या मोजणीत ते काही न करताही सरासरीकडे सरकतात. तुलनेचा गट असेल तर हा सरकाव वजा होतो. 'आधी-नंतर' छापाच्या एकगटी अभ्यासात तो सगळाच यश म्हणून छापला जातो.

आकडे घालून पाहू

पुढचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, कुठल्या चाचणीतून काढलेले नाहीत. प = ०.१५, वि = ०.०३, नै = ०.०४, उ = ०.०५, सगळे दर आठवड्याला. घाव तूर्त शून्य. सुरुवातीचा ताण १.

दहा आठवडे सलग सेशन झाल्यावर कौशल्य ०.७० वर पोचतं. मग सेशन थांबतात आणि विसरणं तेवढं चालू राहतं. सेशन थांबून सव्वीस आठवडे झाले, म्हणजे छत्तिसावा आठवडा आला, की कौशल्य ०.३२ उरतं. एक्सेलमध्ये एकेका आठवड्याच्या पायरीने हे करून पाहणाऱ्याला दहाव्या आठवड्यात ०.७० ऐवजी ०.७२ मिळेल. चूक सूत्राची नाही, पायरी मोठी असल्याची आहे. दिवसाची पायरी घेतली की आकडा जागेवर येतो.

आता ताण. तुलनेच्या गटात तो दहाव्या आठवड्यात ०.६७, अठराव्यात ०.४९, सव्विसाव्यात ०.३५ आणि बावन्नाव्यात ०.१२. प्रशिक्षणाच्या गटात त्याच वेळी ०.५४, ०.३०, ०.१८ आणि ०.०४. दोन्हींतली दरी: ०.१३, ०.१८, ०.१७, ०.०८.

दरी सर्वात रुंद कधी आहे? सेशन संपल्याच्या दिवशी नाही. त्यानंतर दोनेक महिन्यांनी. आणि वर्षाअखेरीस ती निम्म्याहून कमी झालेली आहे, प्रशिक्षण 'फसलं' म्हणून नव्हे, तर तुलनेचा गटही आपल्या गतीने शांत झाला म्हणून. ज्या चाचण्या फक्त बारा महिन्यांनी मोजतात आणि 'परिणाम टिकत नाही' असं लिहितात, त्यांच्याबद्दल मला नेहमी शंका येते. त्यांनी परिणामाचं टिकणं मोजलेलं नसतं. दोन उतरत्या रेषा तळाशी जवळ येतात, तेवढंच मोजलेलं असतं.

हाच फरक प्रश्नावलीच्या गुणांत करू. पर्सिव्ह्ड स्ट्रेस स्केल, म्हणजे स्वतःला जाणवणारा ताण मोजणारी प्रश्नावली, तिची दहा प्रश्नांची आवृत्ती ० ते ४० गुणांची. समजा सुरुवातीला बाई स्वतःच्या नेहमीच्या पातळीपेक्षा १२ गुण वर आहे आणि गुणांचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) ६.५ आहे. अठराव्या आठवड्यातली दरी साधारण २.२ गुण, बावन्नाव्यातली १ गुण. पाच टक्के चुकीची मुभा आणि ऐंशी टक्के ताकद (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरली, तर २.२ गुणांचा फरक पकडायला प्रत्येक गटात १३७ जणी लागतात. १ गुणाचा फरक पकडायला ६६३. तेच प्रशिक्षण, त्याच बायका, फक्त मोजायचा आठवडा चुकला की पाचपट माणसं लागतात. चाचणीचा आराखडा लिहिण्याआधी अर्धा दिवस हे मॉडेल चालवून पाहायचं एवढ्यासाठीच.

या संख्येत दोन दुरुस्त्या कराव्या लागतात. सुरुवातीचे गुण हिशेबात घेतले आणि त्यांचा नंतरच्या गुणांशी सहसंबंध ०.५ असेल, तर संख्या पाऊणपट होते. उलट, प्रशिक्षण गटात दिलेलं असतं. एका गटातल्या बायका एकमेकींसारख्या वागू लागतात, एक चांगली प्रशिक्षक सगळ्या गटाला वर उचलते. सहा जणींचा गट आणि गटांतर्गत सहसंबंध ०.०५ धरला तर संख्या सव्वापट होते. दोन्ही मिळून ०.९४, म्हणजे जवळपास जैसे थे. पण पहिली दुरुस्ती सगळे करतात आणि दुसरी विसरतात, असं प्रकाशित लेखांत सर्रास दिसतं.

तीन मोजण्यांतून चार अज्ञात निघत नाहीत

मॉडेलमध्ये प, वि, नै आणि उ हे चार अज्ञात. मोजण्या तीन: सुरुवात, २६ आठवडे, ५२ आठवडे. तुलनेच्या गटात कौशल्य शून्य, त्यामुळे तिथून 'नै' निघतो, आणि बऱ्यापैकी घट्ट निघतो. उरलेल्या तिघांसाठी प्रशिक्षणाच्या गटाच्या दोन मोजण्या.

त्याहून मोठी अडचण आतली आहे. कौशल्य आपण कुठेच थेट मोजलेलं नाही. त्यामुळे शिकण्याचा वेग दुप्पट आणि ताकद सुमारे पाऊणपट केली, तरी ताणाची रेषा जवळपास तीच येते. संगणक एक 'सर्वोत्तम' जोडी छापून देतो, त्यासोबत सुबक ग्राफही देतो, पण सुरुवातीचे अंदाज बदलून परत चालवलं की दुसरीच जोडी येते. अशा वेळी प्रत्येक अज्ञाताला एकेका किमतीवर अडकवून बाकीचे पुन्हा बसवायचे आणि जुळणी किती बिघडते ते पाहायचं. रेषा सपाट आली, म्हणजे किंमत बदलूनही जुळणी बिघडलीच नाही, तर तो अज्ञात या डेटातून निघत नाही. तिथे आकडा छापू नये.

उपाय डेटाच्या बाजूने आहे. कौशल्याची स्वतंत्र मोजणी हवी. मायामीच्या गटाने तेच केलं: 'हवं तेव्हा मला शरीर सैल सोडता येतं' यावर बाईचा स्वतःचा किती विश्वास आहे, हे वेगळ्या प्रश्नावलीने विचारलं. हे गुण पहिल्या समीकरणाला टेकू देतात. मग 'प' आणि 'वि' तिथून निघतात आणि 'उ' एकटा उरतो. शिवाय २६ आणि ५२ यांच्या जोडीला १० आणि १८ या आठवड्यांच्या मोजण्या घ्या. सबंध संच नको, दहा प्रश्न फोनवर विचारले तरी चालतात. मराठीभाषक रुग्णांसाठी जीवनमानाची युरोपीय प्रश्नावली क्यूएलक्यू-सी३० मराठीत उपलब्ध आहे. तिचा भावनिक भाग चार प्रश्नांचा, गेल्या आठवड्याबद्दलचा. 'गेल्या आठवड्यात' हा काळ महत्त्वाचा. ज्या प्रश्नावल्या 'गेल्या महिन्यात' विचारतात त्यांचे गुण मॉडेलच्या त्या दिवसाच्या किमतीशी जुळवू नयेत. चार आठवड्यांच्या सरासरीशी जुळवावेत. ताण उतरत असताना हा फरक कमी नसतो.

हजेरीचा सापळा

आता एक चूक, जी शहाणी माणसंही करतात. 'से' हे सगळ्यांना सलग १ का धरायचं? प्रत्येकीची खरी हजेरी आपल्याकडे आहे. दहापैकी चार सेशनना आलेली आणि नऊंना आलेली यांच्यात फरक नको का?

हजेरी घातली की मॉडेल डेटाला छान चिकटतं आणि तिथेच बिघडतं. कुणाला प्रशिक्षण मिळावं हे यादृच्छिक ठरलं होतं. कुणी किती यावं हे ठरलं नव्हतं. जिला केमोने जास्त गळून गेल्यासारखं होतं, जिला रिक्षाने तास लागतो, जिच्या घरी लहान मूल आहे, ती कमी येते आणि तिचा ताणही वेगळ्याच कारणांनी जास्त राहतो. हजेरीवरून काढलेल्या 'उ' मध्ये हे सगळं मिसळतं. आधी हजेरी विसरून, ज्या गटात नाव निघालं त्या गटात मोजून हिशेब करावा. नंतर हजेरी घ्यायची असेल तर प्रत्येकीचा नैसर्गिक वेग 'नै' वेगळा धरावा आणि त्याला हजेरीशी संबंध ठेवायची मोकळीक द्यावी. दोन हिशेबांत 'उ' फार वेगळा आला तर पहिल्यावर विश्वास ठेवावा.

गळतीचंही असंच. बारा महिन्यांनी फॉर्म न भरणाऱ्यांत दोन टोकं असतात: खूप आजारी पडलेल्या आणि इतक्या ठीक झालेल्या की हॉस्पिटलचं नाव नको वाटतं. 'रिकाम्या जागा यादृच्छिक आहेत' हे गृहीत धरून एक हिशेब करा आणि मग प्रशिक्षणाच्या गटातल्या गळालेल्यांचे अंदाजे गुण मुद्दाम एक, दोन, तीन गुणांनी बिघडवून परत करा. किती बिघडवल्यावर निष्कर्ष उलटतो तो आकडा लेखात द्यावा.

लाळेची नळी

दुसरा मजला कॉर्टिसॉलचा. हे संप्रेरक सकाळी चढतं: जागं झाल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतं आणि मग झोपेपर्यंत उतरत जातं. रक्तातलं त्याचं अर्धायुष्य साधारण तास-दीड तास. म्हणजे त्याचं घड्याळ तासांचं आणि आपल्या ताणाचं घड्याळ आठवड्यांचं. दोन्ही एकाच समीकरणसंचात कोंबले तर एका राशीचा वेग दर आठवड्याला नव्वदच्या घरात आणि दुसरीचा ०.०४. साधा सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) अशा संचात एक तर रांगत राहतो नाही तर भलतेच आकडे उधळतो. 'स्टिफ', म्हणजे इतके वेगवेगळे वेग असलेल्या, समीकरणांसाठीचा सॉल्व्हर वापरता येतो, पण त्याची गरजच नाही. प्रत्येक मोजणीच्या दिवसाचा उतार आधी काढा आणि तो उतार ताणाच्या त्या आठवड्याच्या किमतीशी जोडा.

उतार काढायचा तो लॉगॅरिदमचा. उदाहरण: सकाळी ६ वाजता उठल्याबरोबर १४ नॅनोमोल प्रतिलिटर, रात्री १० वाजता २. नैसर्गिक लॉग २.६४ आणि ०.६९; सोळा तासांत १.९५ ची घट, म्हणजे तासाला −०.१२२. सपाट दिवस असा दिसतो: सकाळी ९, रात्री ५, उतार −०.०३७. सेफ्टन, स्पीगल आणि सहकाऱ्यांनी २००० साली पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या १०४ स्त्रियांमध्ये सपाट उताराचा कमी आयुष्याशी संबंध दाखवला, तेव्हापासून सगळ्यांना हा आकडा हवा असतो.

हे कॉर्टिसॉल लाळेतून मोजतात. पण लाळेची नळी भरते कोण? बाई, स्वतःच्या घरी, झोपेतून उठता उठता. कापसाचा बोळा गालात दोन मिनिटं धरायचा, नळीत टाकायचा, चिठ्ठीवर वेळ लिहायची, फ्रीजमध्ये ठेवायची. त्याआधी दात घासायचे नाहीत, कारण हिरड्यांतून आलेलं किंचितसं रक्तसुद्धा आकडा फुगवतं. चहा नाही, खाणं नाही. घराघरांत काय होतं ते उघड आहे: आधी गॅसवर दूध, मुलाचा डबा, आणि अर्ध्या तासाने नळीची आठवण. चिठ्ठीवर मात्र '६.००'. तोवर कॉर्टिसॉल १४ वरून समजा २१ झालेलं असतं. हिशेब: लॉग ३.०४, घट २.३५, उतार −०.१४७. प्रत्यक्षात काहीही न बदलता उतार वीस टक्क्यांनी 'सुधारला'. प्रशिक्षणाचा परिणाम यापेक्षा मोठा असेल अशी अपेक्षा ठेवणं कठीण आहे. वाईट भाग असा की प्रशिक्षणाच्या गटातल्या बायका सूचना जास्त काटेकोर पाळतात किंवा पाळत नाहीत. दोन्हीकडून गटागटांत फरक तयार होतो.

म्हणून तीन गोष्टी. नळीच्या बाटलीचं झाकण उघडल्याची वेळ नोंदवणारी बाटली मिळाली तर ती वापरा; नाहीतर उठल्यावर फोनवर नळीसकट फोटो. एकाच दिवसावर भागवू नका, सलग दोन-तीन दिवस घ्या. आणि उठल्यानंतर अर्ध्या तासाचा नमुना घेतलाच, तर तो उताराच्या हिशेबात घालू नका. ते वेगळं माप आहे.

केमो चालू असताना आणखी एक खड्डा. उलटी आणि ॲलर्जी टाळायला दिलं जाणारं डेक्सामेथासोन शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल दाबून टाकतं. डोसिटॅक्सेल या केमोच्या औषधासोबत ते साधारणपणे आदल्या दिवसापासून तीन दिवस, ८ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिलं जातं. एका गोळीचा दाब दीड-दोन दिवस टिकतो. नमुना पुढच्या सायकलच्या अगदी आधी घ्यावा असं सगळे म्हणतात, पण 'अगदी आधी' म्हणजे गोळ्या सुरू होण्याच्याही आधी, हे नर्सच्या कागदावर ठळक लिहिलेलं हवं. टॅमॉक्सिफेन (इस्ट्रोजेनला अडवणारी गोळी) घेणाऱ्यांत कॉर्टिसॉलला धरून ठेवणारं रक्तातलं प्रथिन वाढतं, म्हणून रक्तातलं एकूण कॉर्टिसॉल चढलेलं दिसतं. लाळेत फक्त मोकळं कॉर्टिसॉल येतं, त्यामुळे तिथे हा घोळ बराच कमी. मायामीच्या २००८ च्या लेखात १२८ स्त्रियांच्या दुपारनंतर घेतलेल्या रक्तातलं कॉर्टिसॉल प्रशिक्षणाच्या गटात कमी आढळलं. चांगला निष्कर्ष आहे, पण दिवसातल्या एका बिंदूवरून उतार कळत नाही, म्हणून तो डेटा या जोडणीत घालता येत नाही. उताराचा डेटा हवा असेल तर ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरने बंगळुरूच्या एस-व्यासा या योग विद्यापीठासोबत केलेली, २०१४ साली छापलेली चाचणी पाहावी: रेडिएशन घेणाऱ्या १६३ स्त्रिया, योग, नुसतं स्ट्रेचिंग आणि प्रतीक्षायादी असे तीन गट. उतार योगाच्या गटात सर्वात तीव्र आला. नुसत्या स्ट्रेचिंगचा गट ठेवला हे मला विशेष आवडतं, कारण त्यामुळे 'आठवड्यातून तीनदा कुणीतरी विचारपूस करतं' याचा परिणाम वेगळा काढता येतो.

प्रतिकारपेशींबद्दल थोडक्यात. केमो संपल्यावर पांढऱ्या पेशी दोन्ही गटांत वर येतातच; त्यांतल्या नॅचरल किलर पेशी लवकर, सीडी४ नावाच्या पेशी कित्येक महिने घेत. मॉडेलमध्ये ही भरपाई दोन्ही गटांना सारखी ठेवा आणि ती केमोच्या शेवटच्या तारखेपासून मोजा, चाचणीत नाव घातल्यापासून नव्हे. एकीची केमो चौथ्या आठवड्यात संपली आणि दुसरीची विसाव्या, तर सहाव्या महिन्यातला त्यांच्यातला फरक ताणाचा नसून कॅलेंडरचा आहे.

गाठीचं समीकरण का नको

आता ज्याची सगळ्यांना घाई असते ते. ताण कमी केल्याने आयुष्य वाढतं का?

१९८९ साली डेव्हिड स्पीगल यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या ८६ स्त्रियांची चाचणी छापली. आधारगटात असलेल्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, नसलेल्या १८.९. जगभर खळबळ. २००१ साली कॅनडात पामेला गुडविन यांनी २३५ स्त्रियांवर तेच करून पाहिलं: १७.९ आणि १७.६ महिने. मनःस्थिती आणि वेदना मात्र सुधारल्या. २००७ साली स्पीगल यांच्या स्वतःच्या १२५ स्त्रियांच्या पुनर्चाचणीतही एकंदर आयुष्यात फरक आला नाही. दुसऱ्या बाजूला, न पसरलेल्या आजारात ओहायोत बार्बरा अँडरसन यांनी २२७ स्त्रियांमध्ये आजार उलटण्याचा सापेक्ष धोका (तुलनेच्या गटाचा धोका १ धरून) ०.५५ दाखवला (२००८), आणि मायामीच्या २४० जणींच्या अकरा वर्षांच्या पाठपुराव्यात मृत्यूचा धोका ०.२१ निघाला (२०१५).

०.२१ वाचून डोळे विस्फारतात. त्याच्या शेजारची ९५ टक्के विश्वासाची कक्षा वाचा: ०.०५ ते ०.९३. म्हणजे मृत्यू ९५ टक्क्यांनी कमी होतात किंवा ७ टक्क्यांनी, डेटाला दोन्ही चालतं.

अशा चाचणीला किती मृत्यू किंवा आजार उलटल्याच्या किती घटना लागतात याचं सूत्र सोपं आहे. दोन सारखे गट, पाच टक्के, ऐंशी टक्के धरून: ३१.४ भागिले (धोका-गुणोत्तराच्या, म्हणजे वरच्या सापेक्ष धोक्याच्या, नैसर्गिक लॉगचा वर्ग). माणसांची संख्या यात येतच नाही, फक्त घटनांची येते. ०.५५ साठी ८८ घटना. ०.२१ साठी फक्त १३. इथेच मेख आहे: लहान चाचणीला फक्त प्रचंड मोठा परिणाम दिसू शकतो. त्यामुळे तिला काही दिसलंच तर ते खऱ्यापेक्षा फुगलेलं असण्याची शक्यता मोठी. अंदाजासाठी एक खूणगाठ: हार्मोन-पॉझिटिव्ह (हार्मोनच्या जोरावर वाढणाऱ्या) आजारात पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्याने ब्रेस्ट कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, गुणोत्तर साधारण ०.७. गाठीवर थेट काम करणाऱ्या औषधाच्या सुमारे अडीचपट परिणाम दहा सेशनमधून व्हावा, हे मानायला भक्कम डेटा लागेल. ०.७ पकडायलाच २४७ घटना लागतात.

मग मॉडेलवाले काय करतात? गाठीसाठी गॉम्पर्ट्झचं समीकरण (आधी वेगाने, मग मंदावत जाणारी वाढ) घेतात, वाढीचा वेग जुन्या लेखांतून उचलतात, प्रतिकारपेशींनी गाठ मारण्याचा दर उंदरांवरून उचलतात आणि ताणाचं टोक त्याला जोडतात. ऑपरेशन झालेल्या बाईच्या अंगात उरलेल्या पेशी कुणी मोजलेल्या नसतात. डेटाचा एकही बिंदू त्या समीकरणाला शिवत नाही. तरी ग्राफमध्ये गाठ सुंदर वळण घेऊन खाली येते, कारण तसं व्हावं म्हणून तो दर निवडलेला असतो. रुग्णाच्या हाती असा ग्राफ पडला तर त्याचा सरळ अर्थ होतो: 'तू शांत राहिली असतीस तर आजार उलटला नसता.' इतक्या मोठ्या आरोपामागे उसन्या आकड्यांपेक्षा जास्त काही असायला हवं.

मुंबईच्या टाटा मेमोरियलने ८५० स्त्रियांवर योगाची चाचणी केली आणि २०२२ साली आजारमुक्त आयुष्यात १५ टक्के सापेक्ष सुधारणा जाहीर केली. या विषयातल्या चाचण्यांत ही संख्या खूपच मोठी आहे. तरीही ०.८५ हे गुणोत्तर वरच्या सूत्रात घाला: सुमारे १,१९० घटना. ८५० पैकी प्रत्येकीचा आजार उलटला असता तरी तेवढ्या भरल्या नसत्या. योगाने १५ टक्के फरक पडतो की नाही, हा प्रश्न कुठल्याही एका हॉस्पिटलच्या आवाक्यातला नाही. त्याला अनेक केंद्रांचा एकत्र डेटा लागेल, आणि सगळीकडे एकाच पद्धतीने शिकवलं गेलं याची नोंदही. दहाव्या, अठराव्या, सव्विसाव्या आठवड्यात दहा प्रश्न फोनवर विचारणं मात्र एका ओपीडीला जमतं, आणि तिथे एका गटात १३७ जणींत भागतं.